दंडगोलाची घनता ०.६७ येते आहे, पण तो पाण्यात बुडतो. कुठे चुकतंय?

रानवारा

नमस्कार मंडळी. मुलीच्या शाळेत भरीव वृत्तचितीची, म्हणजे दंडगोलाची, घनता काढायचं प्रात्यक्षिक आहे. सरावासाठी तिला धातूचा एक छोटा दंडगोल घरी द्यायला शाळेने परवानगी दिली. रंग रुपेरी-राखाडी, एका टोकाला क्रमांकाचं गोल स्टिकर. हातात घेतला की आकाराच्या मानाने हलका वाटतो. काट्यावर ६७.८ ग्रॅम भरला. व्हर्निअर कॅलिपरने व्यास २.५४ सेंमी आणि उंची ५.०२ सेंमी आली.

पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची या सूत्राने घनफळ १०१.७ घनसेंमी आलं, आणि घनता ०.६७ ग्रॅम प्रति घनसेंमी. दोनदा आकडेमोड केली, उत्तर तेच. मुलगी म्हणाली, "आई, घनता एकपेक्षा कमी आहे म्हणजे हा तरंगायला हवा ना?" बादलीत टाकून पाहिला, तर सरळ तळाला गेला. तेव्हापासून दोघी वहीकडे बघत बसलो आहोत.

पुनर्मापन

आधी मुलीला शाबासकी द्या. उत्तर आल्यावर ते वस्तूला लावून बघणं हे अर्धं प्रात्यक्षिक आहे, आणि ते तिने आपणहून केलं.

चूक सूत्रात नाही, त्यात घातलेल्या आकड्यात आहे. २.५४ हा व्यास आहे, तुम्ही तो त्रिज्येच्या जागी घातला. त्रिज्या १.२७ सेंमी. त्रिज्येचा वर्ग होतो, त्यामुळे घनफळ चौपट झालं आणि घनता एक चतुर्थांशावर आली. आता पुन्हा करा: १.२७ चा वर्ग १.६१२९, त्याला ३.१४१६ ने गुणून ५.०६७ चौसेंमी, आणि उंचीने गुणून २५.४४ घनसेंमी. ६७.८ ला २५.४४ ने भागलं की २.६७.

ही चूक इतकी नेहमीची आहे की मी मुलांना त्रिज्येचं सूत्र प्रात्यक्षिकात वापरूच देत नाही. कॅलिपरच्या जबड्यात व्यास सापडतो, त्रिज्या नाही. मग जे मोजलं तेच सूत्रात जावं:

घनता = ४ × वस्तुमान ÷ (पाय × व्यासाचा वर्ग × उंची)

मधल्या मधे निम्मं करायचं काही उरतच नाही.

रानवारा

अगदी बरोबर! दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. आता कॅल्क्युलेटर २.६६५४४ दाखवतोय. धातूंच्या घनतेच्या तक्त्यात ॲल्युमिनिअम २.७० आहे. रंग आणि हलकेपणा बघता हे ॲल्युमिनिअमच असणार. मग २.६७ आणि २.७० मधला फरक 'मोजमापातली त्रुटी' म्हणून सोडून द्यायचा का? मुलीच्या मैत्रिणीने तसंच लिहिलंय.

आणि पाय २२/७ घेतला तर फरक पडेल का?

काठावर

पायचं आधी सांगतो. २२/७ खऱ्या किमतीपेक्षा साधारण ०.०४ टक्के जास्त आहे आणि ३.१४ साधारण ०.०५ टक्के कमी. तुमच्या बाकीच्या मोजमापांपुढे हे नगण्य आहे. कोणताही घ्या.

आणि २.६६५४४ मधले शेवटचे आकडे वहीत उतरवू नका. तुमची तिन्ही मापं तीन सार्थ अंकांची, म्हणजे भरवशाच्या तीन आकड्यांची आहेत, उत्तरही तीनच अंकांचं: २.६७.

पुनर्मापन

"मोजमापातली त्रुटी" हे शब्द मी वहीत बघितले की लगेच विचारतो: किती? किती ते सांगता येत नसेल तर वाक्याला अर्थ नाही. २.६७ आणि २.७० मधला फरक त्रुटीत बसतो की नाही, हे आधी त्रुटी काढल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. चला, काढू.

सापेक्ष त्रुटी म्हणजे त्रुटी मापाच्या किती टक्के आहे ते. घनतेतली सापेक्ष त्रुटी म्हणजे वस्तुमानातली सापेक्ष त्रुटी, अधिक व्यासातली सापेक्ष त्रुटी दोनदा, अधिक उंचीतली. दोनदा कारण व्यासाचा वर्ग आहे. एकाच मापाने वस्तू दोन बाजूंनी फुगते किंवा आक्रसते.

तुमचा काटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो असं धरतो. ६७.८ मध्ये ०.१ म्हणजे ०.१५ टक्के. व्हर्निअर पट्टीवर (कॅलिपरच्या सरकत्या छोट्या पट्टीवर) दहाच भाग असतील तर लघुतम माप, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान अंतर, ०.०१ सेंमी. २.५४ मध्ये ०.०१ म्हणजे ०.३९ टक्के, दोनदा धरून ०.७९. उंची ५.०२ मध्ये ०.०१ म्हणजे ०.२० टक्के. बेरीज साधारण १.१ टक्के, म्हणजे २.६७ मध्ये ०.०३.

तर तुमचं उत्तर २.६७ ± ०.०३. म्हणजे २.६४ ते २.७०. ॲल्युमिनिअम बरोबर काठावर उभं आहे. आहे म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही. अशा वेळी 'त्रुटी आहे' लिहून मोकळं व्हायचं नाही, हत्यार बदलायचं.

आणि कुठलं हत्यार बदलायचं तेही हीच बेरीज सांगते. एकूण त्रुटीतला दोन तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या व्यासाचा आहे. महागडा काटा आणलात तरी उत्तर फारसं सुधारणार नाही. व्यास नीट मोजा.

लेथवरचा

+१. आमच्या कामातही लांबी कमी-जास्त झालेली चालून जाते, व्यासात मात्र हात आखडावा लागतो.

एक विचारतो. जबडे पूर्ण मिटल्यावर कॅलिपर शून्य दाखवतो का? शाळेतल्या कॅलिपरचे जबडे कितीदा तरी आपटलेले असतात, मधे कचरा अडकलेला असतो. मिटलेले असताना व्हर्निअरचं शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे गेलं तर शून्य त्रुटी धन, ती प्रत्येक मापातून वजा करायची. डावीकडे राहिलं तर ऋण, ती मिळवायची.

समजा ०.०१ सेंमी धन त्रुटी आहे आणि तुम्ही वजा केली नाही. व्यासातून दोनदा मिळून ०.८ टक्के, उंचीतून ०.२ टक्के, घनफळ एक टक्क्याने जास्त आणि घनता तेवढीच कमी. तुमचं २.६७ मग २.६९ होईल. म्हणजे सगळं कोडं तिथेच सुटू शकतं. आधी हे बघा.

आणखी एक. व्यास एकाच जागी मोजला का? दोन्ही टोकांना आणि मधे, प्रत्येक जागी एकदा मोजून दंडगोल नव्वद अंशांत फिरवून परत मोजा. सहा मापं होतात, त्यांची सरासरी घ्या. मोजताना कॅलिपर थोडा डोलवत सगळ्यात लहान माप येतंय तिथे थांबा, कारण तिरका धरला की माप वाढतं. उंचीसाठी मात्र दोन्ही सपाट तोंडांवर जबडे पूर्ण टेकलेले हवेत, कोपऱ्यावर नाही.

रानवारा

भावाकडून ०.०२ मिमी लघुतम मापाचा कॅलिपर मिळाला. आधी जबडे कापडाने पुसले, मिटवून उजेडासमोर धरले, मधून उजेड दिसत नाही. शून्याला शून्य जुळतंय. म्हणजे शून्य त्रुटी नाही.

मुलीने व्यासाची सहा मापं घेतली: २५.४०, २५.४०, २५.३८, २५.४०, २५.४२, २५.४० मिमी. सरासरी २५.४०. उंची तीनदा घेतली, तिन्ही वेळा ५०.२० मिमी. काटा ०.१ ग्रॅमचाच आहे.

घनता पुन्हा २.६७. आता काय म्हणायचं?

पुनर्मापन

आता फार चांगलं झालं. त्रुटी नव्याने काढा: वस्तुमान ०.१५ टक्के, व्यास ०.०८ दोनदा म्हणजे ०.१६, उंची ०.०४. एकूण ०.३५ टक्के, म्हणजे २.६७ मध्ये जेमतेम ०.०१.

२.६७ ± ०.०१. यात २.७० बसत नाही. काल जो फरक 'असेल किंवा नसेल' असा होता, तो आज खरा फरक ठरला. आता मोजमापाकडे बोट दाखवता येणार नाही. एक तर हा तक्त्यातला ॲल्युमिनिअम नाही, किंवा तुमचा दंडगोल आपण सूत्रात धरलाय तसा दंडगोल नाही.

अर्धगोल

दुसऱ्या शक्यतेवर भर घालते, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते.

कॅलिपर दोन समोरासमोरच्या बिंदूंमधलं अंतर मोजतो. सगळ्या दिशांनी ते सारखं आलं म्हणजे छेद वर्तुळच आहे असं आपण गृहीत धरतो. ते खरं नाही. तीन फुगीर बाजूंचे असे आकार असतात की कुठूनही मोजा, रुंदी तीच. समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक शिरोबिंदूतून समोरचा कंस काढला की असा आकार मिळतो. त्याचं क्षेत्रफळ त्याच रुंदीच्या वर्तुळापेक्षा साधारण दहा टक्क्यांनी कमी असतं. कॅलिपरला हा फरक दिसतच नाही.

अर्थात तुमच्या दंडगोलात इतका टोकाचा प्रकार असणार नाही, तो डोळ्यांनाच दिसला असता. पण सेंटरलेस ग्राइंडिंग केलेल्या, म्हणजे केंद्रावर न पकडता घासून गोल केलेल्या, दांड्यांमध्ये असा सूक्ष्म तीन किंवा पाच फुगवट्यांचा दोष येऊ शकतो. तपासायचं असेल तर दंडगोल इंग्रजी व्ही-च्या आकाराच्या खाचेत ठेवून वर डायल गेज (उंचीतला बारीक फरक सुईने दाखवणारं साधन) टेकवा आणि दंडगोल सावकाश फिरवा. गेजची सुई हलली तर छेद गोल नाही.

लेथवरचा

अर्धगोल यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. पण असा दोष मायक्रॉनमध्ये असतो, त्याने एक टक्का फरक पडायचा नाही. मला वेगळीच शंका येते आहे. कडा कशा आहेत? धारदार काटकोनी आहेत की थोड्या उतरत्या छाटलेल्या? लेथवरून (धातू फिरवून कातायच्या यंत्रावरून) उतरलेल्या कामाला बहुतेक चॅम्फर मारलेला असतो, हाताला लागू नये म्हणून. दोन्ही कडांना एक मिमी चॅम्फर असेल तर साधारण ०.०८ घनसेंमी माल कमी होतो. २५.४४ मध्ये ०.०८ म्हणजे ०.३ टक्के. तेवढ्याने घनता २.६७ च्या पुढे जरा सरकेल, पण २.७० ला पोचणार नाही.

रानवारा

कडा छाटलेल्या आहेत, हो. साधारण एक मिमीच. हे आम्ही हिशोबात धरलंच नव्हतं.

काठावर

मग आकार मोजायचं सोडा. पाण्याला आकाराशी काही देणं-घेणं नसतं. आर्किमिडीजचं तत्त्व वापरा. घरच्या काट्यावर करता येतं, आणि मोजपात्रात पाणी किती चढलं ते बघण्यापेक्षा कितीतरी अचूक येतं. मोजपात्रावर एकेक मिलिलिटरच्या खुणा असतात, २५ मध्ये एक म्हणजे चार टक्के. तुमचा प्रश्नच एका टक्क्याचा आहे.

असं करा. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, दंडगोल पूर्ण बुडेल एवढं पाणी असू द्या. काटा शून्य करा. दंडगोलाला बारीक दोरा बांधून वरून हाताने किंवा स्टँडला टांगा आणि पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला टेकू द्यायचा नाही, काठालाही नाही. काटा जो आकडा दाखवेल ते दंडगोलाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वस्तुमान.

रानवारा

हे मुलीला पटत नाहीये. दंडगोल दोऱ्याने वर धरलाय, काट्याला लागलेलाच नाही, मग काटा का वाढेल?

काठावर

प्रश्न अगदी योग्य आहे. पाणी दंडगोलाला वर ढकलतं, ते प्लावक बल. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे दंडगोलही पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलतो. पाणी ग्लासात, ग्लास काट्यावर, म्हणून तेवढं बल काट्यावर येतं. उरलेलं वजन दोरा पेलतो. म्हणून टेकू द्यायचा नाही: टेकला की दोरा सैल पडतो आणि काट्यावर दंडगोलाचं सगळं ६७.८ येतं.

तिला एक करून बघायला सांगा. दंडगोलाऐवजी बोट बुडवायचं, तळाला न लावता. काटा वाढतो. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा बराच वेळ मी तेच करत होतो.

पाण्याची घनता १ धरू नका. २८ अंश सेल्सिअसला ती ०.९९६२ आहे. १ धरलंत तर ०.४ टक्के तिथेच जातील. ४ अंशांजवळ ती १ च्या अगदी लगत असते, आपल्या खोलीत नाही.

बुडबुडे चिकटलेले असतील तर दोऱ्याला हलकेच टिचकी मारून झटका. भांडी धुवायच्या द्रावाचा एक थेंब पाण्यात टाकला तर पृष्ठताण कमी होतो आणि बुडबुडे धरून राहत नाहीत.

रानवारा

केलं. पण काहीतरी विचित्र घडलंय, सविस्तर लिहिते.

पाण्याचं तापमान २८ अंश. दोरा मधोमध बांधला, दंडगोल आडवा टांगला. काटा २५.३ ग्रॅम. भागिले ०.९९६२, म्हणजे २५.४ घनसेंमी. घनता २.६७. पुन्हा तेच! मुलगी म्हणाली झालं, हा ॲल्युमिनिअम नाही.

मी दोरा तसाच धरून उभी होते. काटा २५.२ वर आला. मला वाटलं हात हलला. मग स्टिकरच्या कडेतून टाचणीच्या डोक्याएवढा एक बुडबुडा निघाला आणि वर गेला. थोड्या वेळाने दुसरा. स्टिकर ओलं होऊन एका बाजूने सुटत होतं. दंडगोल बाहेर काढला, स्टिकर सोललं, तर त्या तोंडाच्या मध्यभागी भोक आहे! गुळगुळीत, सरळ आत गेलेलं. कॅलिपरच्या आतल्या जबड्यांनी मोजलं तर व्यास ६ मिमी. कॅलिपरची मागची बारीक पट्टी आत घातली तर खोली मध्यावर १० मिमीच्या जरा वर. तळ सपाट नाही, शंकूसारखा आहे.

भोक वरच्या बाजूला ठेवून बुडवला, टिचकी मारली, हवा निघून गेली. काटा २५.० वर स्थिर. तीनदा केलं, तिन्ही वेळा २५.०.

लेथवरचा

हूक अडकवायला केलेलं असेल. असे नमुने पुष्कळदा टांगून दाखवायला बनवतात. किंवा दुसऱ्या कुठल्या कामासाठी भोक पाडलेला तुकडा नमुना म्हणून आला असेल.

शंकूसारखा तळ म्हणजे ड्रिलच्या टोकाचा. नेहमीच्या ड्रिलचं टोक ११८ अंशांचं असतं. ६ मिमी ड्रिलचं ते टोक १.८ मिमी लांब येतं. म्हणजे भोकाची सरळ लांबी साधारण ९ मिमी आणि पुढे टोक.

हिशोब करतो: सरळ भाग ०.२८२७ चौसेंमी गुणिले ०.९ सेंमी, म्हणजे ०.२५ घनसेंमी. शंकू एक तृतीयांश गुणिले ०.२८२७ गुणिले ०.१८, म्हणजे ०.०२. भोक मिळून ०.२७. दोन चॅम्फर ०.०८. एकूण ०.३५ घनसेंमी जागा अशी, जिथे आपण धातू धरला होता आणि तो नव्हता.

२५.४४ वजा ०.३५ म्हणजे २५.०९ घनसेंमी. ६७.८ भागिले २५.०९ बरोबर २.७०.

काठावर

आणि पाण्याचा हिशोब: २५.० भागिले ०.९९६२ म्हणजे २५.१ घनसेंमी. ६७.८ भागिले २५.१ बरोबर २.७०. त्रुटी काट्याचीच: २५.० मध्ये ०.१ म्हणजे ०.४ टक्के, अधिक ६७.८ मधले ०.१५. एकूण ०.५५ टक्के. २.७० ± ०.०१५.

दोन वेगळ्या वाटांनी गेलो आणि एकाच जागी पोचलो. यापेक्षा पक्कं उत्तर प्रात्यक्षिकात मिळत नाही.

अर्धगोल

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पहिल्या वेळचं २५.३. स्टिकर घट्ट होतं तोवर पाणी आत गेलं नाही, आणि पाण्याच्या दृष्टीने भोक नव्हतंच. पाणी फक्त बाहेरचा आकार बघतं. म्हणून त्या पद्धतीनेही २.६७ आलं आणि दोन पद्धती जुळल्या, तरी दोन्ही चुकीच्या होत्या.

याचा पुढचा अर्थ असा की पोकळी पूर्ण बंद असेल, म्हणजे ओतीव कामात आत राहिलेला हवेचा कप्पा, तर कॅलिपर आणि पाणी दोघंही फसतील. मिळालेली घनता कमी येईल एवढंच. उलट बघितलं तर ओतीव भागात आत पोकळी आहे का, हे ओळखायला हाच गुण उपयोगी पडतो: धातू कोणता ते नक्की माहीत असेल आणि घनता कमी आली, तर आत काहीतरी रिकामं आहे.

प्रात्यक्षिकाच्या मथळ्यातला 'भरीव' हा शब्द आपण वाचून पुढे जातो. खरं तर ती सूत्राची अट आहे. आरपार भोक असेल तर सूत्रच बदलतं: व्यासाच्या वर्गाऐवजी बाहेरच्या व्यासाचा वर्ग वजा आतल्या व्यासाचा वर्ग. आधी दोन्ही वर्ग, मग वजाबाकी. व्यासांची वजाबाकी करून तिचा वर्ग केलात तर उत्तर साफ चुकतं, आणि मुलं तेच करतात.

शाळेतली_प्रयोगशाळा

धागा आत्ता वाचला. मी हेच प्रात्यक्षिक घेते, म्हणून मुलीच्या पुढच्या सरावासाठी एक सुचवते. एकाच धातूचे वेगवेगळ्या लांबी-जाडीचे चार-पाच दंडगोल मिळाले तर प्रत्येकाचं घनफळ आणि वस्तुमान काढून आलेख काढावा. आडव्या अक्षावर घनफळ, उभ्यावर वस्तुमान. बिंदू एका सरळ रेषेत येतात आणि रेषेचा चढ म्हणजेच घनता.

यातला फायदा एकट्या दंडगोलात कधीच मिळत नाही. समजा काटा प्रत्येक वेळी अर्धा ग्रॅम जास्त दाखवतो. एकाच दंडगोलावरून घनता काढली तर ही चूक उत्तरात मुरून जाते, कळतही नाही. आलेखात मात्र सगळी रेषा अर्धा ग्रॅम वर सरकते, आरंभबिंदूतून जात नाही, आणि चढ तसाच राहतो. चूक दिसते आणि उत्तरही वाचतं. तुमच्यासारखा भोक असलेला एखादा तुकडा मधे आला तर तो बिंदू रेषेच्या खाली पडलेला दिसतो. मुलं लगेच विचारतात, "हा का वेगळा?"

एककांचंही सांगून ठेवा. मिमीत मोजून सेंमीत आणताना घनफळाला १० ने नाही, १००० ने भागायचं. आणि २.७० ग्रॅम प्रति घनसेंमी म्हणजे २७०० किलोग्रॅम प्रति घनमीटर.

रानवारा

फार उपयोगी, धन्यवाद. एक शेवटचा प्रश्न मुलीकडून: ॲल्युमिनिअमची मिश्रधातू असेल तर? तिने कुठेतरी वाचलं की विमानात वापरतात ती जास्त जड असते. आपल्या २.७० वरून ते ओळखता येईल का?

लेथवरचा

काही अंशी येईल. ज्यांच्यावर मी काम करतो त्यांचं सांगतो. मिश्रधातूंना क्रमांक असतात: ६०६१ ची घनता २.७०, २०२४ ची २.७८ आणि ७०७५ ची २.८१. विमानाच्या कामात जास्त करून शेवटच्या दोन. तुमचं उत्तर २.६९ ते २.७२ च्या दरम्यान आहे, त्यामुळे २०२४ आणि ७०७५ नक्की बाद. पण शुद्ध ॲल्युमिनिअमही २.७० आणि ६०६१ ही २.७०. त्या दोघांत फरक घनतेने कळणार नाही. त्यासाठी कठीणपणा बघावा लागेल, शुद्ध ॲल्युमिनिअम फारच मऊ असतं, हत्याराला चिकटतं.

अर्धगोल

मुलीला आवडेल म्हणून एक सांगते. बरीच दशकं जगाचा किलोग्रॅम म्हणजे एक दंडगोलच होता. ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडिअम, उंची आणि व्यास दोन्ही साधारण ३९ मिमी. पॅरिसजवळ सेव्र इथे ठेवलेला. १८८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर गेली. त्यानंतर तो मानक राहिला नाही.

तिला त्याची घनता काढायला सांगा: वस्तुमान १००० ग्रॅम, व्यास आणि उंची ३.९ सेंमी. उंची आणि व्यास सारखे का ठेवले असतील, हेही विचारा. ठरावीक घनफळाच्या दंडगोलाचा पृष्ठभाग तेव्हाच सगळ्यात कमी असतो, आणि पृष्ठभाग कमी म्हणजे झिजायला आणि मळ बसायला जागा कमी.

रानवारा

तिने काढली: घनफळ ४६.६ घनसेंमी, घनता २१.५. या वेळी व्यासाच्या सूत्रानेच केलं. मग स्वतःच म्हणाली, "त्याच्याही कडा छाटलेल्या असतील का?"

अर्धगोल

असतात. तिला सांगा, त्याच्याही कडा उतरत्या छाटलेल्या आहेत.

शाळेतली_प्रयोगशाळा

रानवारा, एक विनंती. दंडगोल परत करताना स्टिकर पुन्हा चिकटवू नका. भोक दिसू दे, आणि सोबत तिच्या वहीतलं ते पान जाऊ दे. पुढच्या मुलांना त्याच दंडगोलावर हेच सगळं करता येईल.

रानवारा

तसंच करतोय. तिने पानावर वर 'भरीव वृत्तचिती' लिहिलं होतं, ते खोडून 'एका टोकाला ६ मिमी भोक असलेली वृत्तचिती' असं केलं. खाली २.६७ ± ०.०१ आणि २.७० ± ०.०१५ दोन्ही उत्तरं ठेवली आहेत, पहिलं खोडायचं नाही म्हणाली. मधे भोकाचं चित्र काढलंय.